शिवणीतली माया

मुलांचे कपडे घ्यायला जाताना मुलांना बरोबर न्यावे की नेऊ नये, यावर आमच्या मोहल्ल्यात दोन पक्ष आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे, की मुले बरोबर असली म्हणजे दहा मिनिटांच्या कामाला दोन तास लागतात. ती हट्ट करतात, दमतात, पाणी मागतात आणि दुकानदारासमोर आपल्याला खाली पाहायला लावतात. दुसरा पक्ष म्हणतो, कपडा ज्याच्या अंगावर चढायचा त्याला विचारल्याशिवाय तो घ्यायचा कसा? मी दुसऱ्या पक्षातली आहे. पण पहिल्या पक्षाचे म्हणणे खोटे आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. दोन तास लागतातच. कधी कधी तीनही लागतात.

आम्ही मालेगावचे. हे गाव नाशिक जिल्ह्यात मोसम नदीच्या काठी वसलेले आहे. आमच्या गावात यंत्रमागांची खटखट रात्रंदिवस चालू असते. इतर गावांना रविवारी सुट्टी असते, आमचे माग शुक्रवारी बंद राहतात. एखादा पाहुणा शुक्रवारी आला तर म्हणतो, "आज गाव इतके शांत कसे?" मुलांचे अब्बा मागावर काम करतात. मी अंगणवाडीत सेविका आहे. गावात रोज लाखो मीटर कापड विणले जाते, पण त्यातले बरेचसे कोरे, बिनरंगाचे असते. व्यापारी त्याला 'ग्रे' म्हणतात. ते रंगाई-छपाईसाठी बाहेरगावी जाते आणि नटूनथटून दुकानात येते. त्यामुळे आपण विणलेले कापड पुढे कोठे गेले ते आपल्याला कळत नाही, आणि दुकानात हातात घेतलेले कापड आपणच विणले होते की काय, हेही सांगता येत नाही.

माझ्या लहानपणी ईदच्या खरेदीला आम्हां मुलांना कोणी नेत नसे. आम्ही पाच भावंडे होतो. अब्बा एक अख्खा तागा घरी आणत. त्यातून भावांचे शर्ट निघत आणि आम्हां बहिणींचे फ्रॉक निघत. उरलेल्या तुकड्यांची उशीची खोळ होई. ईदच्या दिवशी आम्ही रस्त्याने निघालो, की कोणाची मुले ते दुरूनच ओळखू येई. एक हरवले तरी दुसऱ्याचा कपडा दाखवून शोधता आले असते! आवड-निवड हा शब्द आमच्या घरात भाजीपुरताच होता, आणि तोही क्वचितच.

गल्लीच्या तोंडाशी एक वयस्कर शिंपी बसत. ते मराठी बोलत. माझी अम्मी मराठी समजे, पण बोलायला बिचके. कपडे देताना ते आत दुमडलेली शिवण उलटी करून दाखवत आणि म्हणत, "हे पाहा, दोन बोटे माया ठेवली आहे. पुढच्या ईदला उसवून घ्या." शिवणीच्या आत किंवा कपड्याच्या खालच्या काठाशी जास्तीचे कापड दुमडून ठेवतात, त्याला मराठीत माया म्हणतात. शब्दाचा दुसरा अर्थ तुम्हांला ठाऊकच आहे. मी मात्र आधी शिंप्याची माया शिकले आणि आईची माया नंतर शाळेच्या पुस्तकात वाचली. तेव्हा मला वाटले होते, की पुस्तकवाल्यांनी हा शब्द शिंप्याकडूनच उसना घेतला असावा.

आता तागा आणून सगळ्यांना एकच कापड बेतण्याचे दिवस राहिले नाहीत. तयार कपडे सगळीकडे मिळतात. मुलांना रंग कळतात, कंपन्यांची नावे कळतात, किमतीही कळतात. कळत नाही ती एकच गोष्ट, आणि ती आपणच त्यांच्यापासून लपवतो. ती म्हणजे घरात पैसे किती आहेत.

ईदचा एक वेगळा हिशेब आहे. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०१८ साली ती १६ जूनला आली होती. तेव्हा शाळाही त्याच सुमारास उघडल्या. गणवेश, वह्या, दप्तरे आणि ईदचे कपडे असा सगळा खर्च एकाच आठवड्यात अंगावर आला. २०२५ साली ती ३१ मार्चला आली. आता डोक्यावर ऊन होते, त्यामुळे कापड सुतीच हवे होते. शिवाय थोरलीची दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. मी सांगणार आहे ती खरेदी याच वर्षीची.

आमची तीन मुले. थोरली सोळा वर्षांची, मधला चौदाचा आणि धाकटी सहाची. त्या वर्षी कपड्यांसाठी साडेचार हजार रुपये बाजूला पडले होते. मी तीन पाकिटे केली, प्रत्येकात पंधराशे रुपये घातले आणि बाजारात जाण्याच्या आदल्या रात्री मुलांसमोर ठेवली. मुलांचे अब्बा म्हणाले, "धाकटीला एवढे कशाला लागतात?" मी म्हटले, "तिचे उरतील त्यात तिघांच्या चपला होतील. पण हिस्सा सारखा." पैसे मुलांच्या हातात द्यावे, याला त्यांची ना नव्हती. त्यांना स्वतःला आठवड्याच्या आठवड्याला मजुरी मिळते. मोजून आलेले पैसे मोजून कसे खर्चावे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

रमजानमध्ये आमच्या गावचा बाजार तरावीहच्या नमाजानंतर खरा भरतो. दिव्यांच्या माळा लागतात. हातगाडीवाले ओरडून ओरडून भाव सांगतात. पाय ठेवायला जागा नसते. लहान मुलाचा हात सुटला तर सापडणे कठीण. म्हणून आम्ही शेवटच्या आठवड्याची वाट न पाहता दहाव्या रोज्यालाच निघालो.

धाकटीचे काम आधी उरकले. सहा वर्षांच्या मुलीला एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे घेर. गोल फिरले की फ्रॉक छत्रीसारखा फुलला पाहिजे. तिने जाळीचा, चमकीचा एक फ्रॉक मिठी मारून धरला. मी तिला तो अंगात घालायला लावला आणि म्हटले, "आता खाली बस. ऊठ. हात वर कर. मान हलव." मान हलवताच ती कळवळली. आत अस्तर नव्हते आणि जाळी गळ्याला टोचत होती. दुकानदार म्हणाला, "बाजी, एका दिवसाचा तर प्रश्न आहे!" मला हे वाक्य कधीच पटलेले नाही. ईदच्या दिवशी मूल सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच कपड्यात असते. तेवढा वेळ गळा खाजवत राहायचे म्हणजे ती ईद कसली? शेवटी अस्तराचा, त्याहून थोडा कमी घेराचा पिवळा फ्रॉक साडेसहाशेला मिळाला. तो एक माप मोठा घेतला. लहान मुलांचे कपडे आपण पुढच्या वर्षाकडे पाहूनच घेतो.

चौदा वर्षांच्या मुलाचे तसे नसते. मुलगे साधारण तेरा-चौदाव्या वर्षी सर्वांत झपाट्याने वाढतात. या काळात एका वर्षात आठ-दहा सेंटिमीटर उंची वाढू शकते. म्हणजे वाढत्या अंगाचा कपडा खरा याच वयात घ्यायला हवा. पण याच वयात मुलाला ढगळ कपडा नकोसा होतो. त्याला आजच्या मापाचा कपडा हवा असतो, कारण त्याला आजच कोणाला तरी तो दाखवायचा असतो. पुढच्या वर्षाची काळजी आईने करावी, असे त्याचे मत असते.

मधल्याला दोन वस्तू हव्या होत्या. एक नऊशेची जीन्स आणि दुसरा अकराशेचा टी-शर्ट. टी-शर्टच्या छातीवर एका परदेशी कंपनीचे नाव ठळक अक्षरांत होते. अब्बांनी त्याचा काठ अंगठा आणि बोट यांच्यामध्ये चुरून पाहिला. ते म्हणाले, "बेटा, यात कापडाचे पैसे थोडे आहेत. बाकीचे पैसे नावाचे आहेत."

"अब्बा, हळू बोला ना," मुलगा म्हणाला. शेजारी त्याच्या शाळेतली दोन मुले उभी होती. अब्बांनी हात मागे घेतला. मागावर बसून त्यांच्या बोटांना कापड वाचायची सवय झाली आहे. पण बाजारात मुलांसमोर ती बोटे त्यांनी खिशात घातली, हे मी पाहिले.

मी विषय बदलला. जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्यांवर तांब्याच्या रंगाची बारीक बटणे ठोकलेली असतात. तिकडे बोट दाखवून मी विचारले, "ही कशाला असतात, माहीत आहे का?" मुलाला माहीत नव्हते. मी वाचलेले त्याला सांगितले. अमेरिकेत कष्टाची कामे करणाऱ्या मजुरांच्या पँटचे खिसे ओझ्याने फाटत. जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने तिथे तांब्याचे रिवेट ठोकले आणि लेव्ही स्ट्रॉस या कापडाच्या व्यापाऱ्याबरोबर १८७३ साली त्याचे पेटंट घेतले. अब्बा ऐकत होते. ते म्हणाले, "म्हणजे ही आमचीच पँट की! मजुराची." मुलगा नाही म्हटले तरी हसला. आणखी एक गंमत आहे. इंग्रजीत जाड सुती कामाच्या कपड्याला 'डंगरी' म्हणतात, तो शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेला. आणि शाळेच्या 'खाकी' पँटचे नाव तर आपल्याच उर्दूतल्या 'खाक' वरून, म्हणजे धुळीवरून पडले. मोठ्या दुकानांत काचेआड टांगलेल्या कपड्यांची नावे अशी आपल्या पायाखालची असतात.

पण गमतीने हिशेब सुटत नाही. नऊशे आणि अकराशे मिळून दोन हजार होतात आणि पाकिटात पंधराशेच होते. मुलगा दोन्ही कपडे हातात धरून उभा राहिला. एक खाली ठेवी, पुन्हा उचली. तेवढ्यात थोरली पुढे झाली आणि आपले पाकीट उघडून म्हणाली, "माझ्यातले पाचशे घे. मला तसेही काही नको आहे. गेल्या वर्षीचा ड्रेस अजून चांगला आहे."

हे वाक्य ती तीन वर्षांपासून म्हणत आली आहे. शेजारणी तिचे कौतुक करतात. किती समजूतदार मुलगी, म्हणतात. मागणाऱ्या मुलाला आपण हट्टी म्हणतो आणि न मागणाऱ्याला शहाणे म्हणतो. थोरल्या मुलीने 'मला नको' म्हटले, की घरातल्या सर्वांना हायसे वाटते. त्यामुळे तिला खरेच नको आहे का, हे विचारायला कोणी थांबत नाही. हट्टी मुलाची मला भीती वाटत नाही. तो ओरडतो, रुसतो, पण त्याच्या मनात काय आहे ते आपल्याला कळते. गप्प बसणाऱ्या मुलीच्या मनातले मात्र तिच्या सासरी गेल्यावरही कळत नाही.

मी तिचे पाकीट बंद करून तिच्या हातात परत दिले. "तुझा हिस्सा तुझा. तो कोणाला द्यायचा नाही," मी म्हटले. मग मुलाला सांगितले, "तुझे पंधराशे आहेत. काय घ्यायचे ते तू ठरव. आम्ही बाहेर उभे आहोत."

आम्ही खरोखरच बाहेर जाऊन उभे राहिलो. काचेतून तो दिसत होता. पंधरा मिनिटांनी तो टी-शर्ट घेऊन बाहेर आला. मला वाटले होते, की तो जीन्स घेईल आणि हातगाडीवरचा एखादा स्वस्त शर्ट पाहील. पण नमाजानंतर त्याच्या पाच मित्रांचा एकत्र फोटो काढायचा ठरला होता, आणि फोटोत पाय येत नाहीत, असा त्याचा विचार होता. उरलेले चारशे रुपये त्याने माझ्या हातात दिले. "हे तुझेच आहेत," म्हणून मी परत केले. अब्बा काही बोलले नाहीत. पण मुलाच्या हातातली पिशवी त्यांनी आपल्या हातात घेतली.

थोरलीबरोबर आम्ही चार दुकाने फिरलो. तयार ड्रेस ती हातात घेई, दोन्ही बाजूंच्या शिवणींवरून हात फिरवी आणि परत ठेवी. "रंग आवडला नाही का?" "आवडला." "माप?" "ठीक आहे." "मग काय?" "काही नाही, अम्मी. राहू दे." धाकटीचे डोळे मिटू लागले होते. तिला अब्बांनी खांद्यावर घेतले. अशा वेळी आपला जीव मेटाकुटीला येतो आणि तोंडून निघून जाते, "अगं, घे आता कोणता तरी!" मी ते वाक्य गिळले आणि म्हटले, "कापड पाहू या. मी घरी शिवीन." शिंप्यांच्या दारांवर 'ईदची शिलाई बंद' अशा पाट्या लागल्याच होत्या. माझे हाताने फिरवायचे जुने मशीन घरात होतेच.

कापडाच्या दुकानात मात्र ती बदलली. ठाण उलगडले जाऊ लागले तशी ती पुढे सरकून बसली. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली निळा रंग वेगळाच दिसतो, म्हणून ती एक कापड घेऊन दारापाशी गेली. पण रात्रीच्या वेळी बाहेरही दिवेच होते. ती हसून परत आली. शेवटी तिने गडद निळ्या रंगावर बारीक पांढरी पाने असलेले एक कापड निवडले. माझ्या मते तो रंग उन्हाळ्याला जड होता. पण घालायचे तिला होते.

दुकानदार म्हणाला, "शंभर टक्के सुती आहे." थोरलीने अब्बांकडे पाहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "अब्बा, तुम्ही पाहता का?"

अब्बांनी धाकटीला माझ्याकडे दिले. कापडाच्या काठातून त्यांनी एक उभा आणि एक आडवा दोरा ओढला. बाहेर पायरीवर जाऊन काडी पेटवली. सुती दोरा जळतो तेव्हा कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटांत सहज चुरणारी राख उरते. पॉलिएस्टरचा दोरा आधी आक्रसतो, मग वितळतो आणि त्याची कडक गोळी होते. उभा दोरा जळून राख झाला. आडव्याची गोळी झाली. ती गोळी अब्बांनी तळहातावर घेऊन दुकानदाराला दाखवली. "ताणा सुती आहे, भाई. बाणा नाही," ते शांतपणे म्हणाले.

दुकानदार जरा ओशाळला. "थोडी मिलावट तर हल्ली सगळीकडेच असते," असे पुटपुटत त्याने वरच्या फळीवरून दुसरे ठाण काढले. निळा रंग तोच नव्हता, थोडा फिका होता. पाने मात्र तशीच होती. पुन्हा दोन दोरे, पुन्हा काडी. या वेळी दोन्हींची राख झाली. मधला टी-शर्टची पिशवी बगलेत धरून पायरीवर उभा होता. तो वाकून पाहत होता. "एक मला द्या," तो म्हणाला. अब्बांनी त्याला काडीची पेटी दिली. शेजारी शाळेतली मुले नव्हती, हे खरे. पण असती तरी त्याने पेटी घेतली असती, असे मला वाटते.

घरी आल्यावर मी गेल्या वर्षीची मधल्याची राखाडी पँट काढली. ती शिंप्याकडून शिवलेली होती. त्याला घालायला लावली, तर घोट्याच्या वर चार बोटे गेली होती. एका वर्षात मुलगा किती वाढला ते बोलताना लक्षात येत नाही, पँट लगेच सांगते. तळाची दुमड उलटी करून पाहिली. आत चांगली चार बोटे माया होती. मी ब्लेडने टाके उसवले, पँट धुतली, वाळवली आणि गरम इस्त्री फिरवली. लांबी बरोबर झाली. पण जिथे वर्षभर दुमड होती तिथे एक रेष उमटून राहिली. वरचे कापड धुऊन धुऊन फिके झाले होते आणि खालच्या चार बोटांचा रंग नवाच राहिला होता. पाण्याचा शिडकावा करून पाहिले, तरी रेष जाईना.

"यावर पट्टी लावून देऊ का?" मी विचारले.

मुलाने पँट हातात घेतली. रेषेपासून खालच्या काठापर्यंत बोटे ठेवून मोजली. मग दाराच्या चौकटीवर आम्ही मुलांच्या उंचीच्या खुणा करतो तिथे जाऊन उभा राहिला आणि पुन्हा बोटे ठेवून मोजले.

"राहू दे, अम्मी," तो म्हणाला. "फोटोत दिसणार नाही."

थोरलीचे कापड मी आधी पाण्यात भिजवून घेतले. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. न भिजवता शिवले, तर ईदला बसलेला कपडा पुढच्या महिन्यात बसत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते जमिनीवर पसरून मी खडूने आखायला बसले. थोरली समोर गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बसली होती. आस्तीन आखून झाली. बाजूची शिवण आखताना ती एकदम म्हणाली, "अम्मी, खिसा लावता येईल का?"

"खिसा?"

"तयार ड्रेसला कुठेच खिसा नसतो. कॉलेजात गेले की बसचा पास कुठे ठेवू? आणि पेन? भाईच्या प्रत्येक पँटला चार-चार खिसे आहेत."

चार दुकानांत शिवणींवरून हात फिरवून ती काय शोधत होती, ते मला तेव्हा समजले. मी खडू खाली ठेवला आणि विचारले, "एक की दोन?"

तिने थोडा विचार केला. "दोन," ती म्हणाली. "खोल हवेत."

मी कापड पुन्हा मोजले. शिवणीत दोन बोटे माया सोडून जेवढे उरत होते, त्यातून दोन खिसे निघाले.